पितराचा पाट

पिंटू पाटावर बसेना. उंबऱ्याशी उभा राहून चप्पल पायातून काढत होता, पुन्हा घालत होता.

"काकू, मले नाई जमत. दुसऱ्या कोनाले बसवा ना."

"दुसऱ्या कोनाले बसवू बाप्पा? बंटीच्या वयाचा, त्याच्यासंग लहानाचा मोठा झालेला तूच हायेस. बस बाबू. वडे थंडे होऊन राहिले," माझी बायको आनंदाबाई म्हणाली.

अक्षय तृतीयेला आमच्या अड्याळकडे पितर जेवू घालतात. नवी घागर भरून ठेवायची, आणि गेलेल्या माणसाच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं. बापाच्या जागी एखादा म्हातारा बसतो, आईच्या जागी सवाशीण. पोराच्या जागी पोरगा बसवायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. आमच्यावर आली. दिवाळीच्या तोंडावर आमच्या बंटीची मोटारसायकल पवनीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली, आणि आमचं घर बसलं.

मी एसटीत कंडक्टर. 'पुढे सरका, मागे जागा आहे' म्हणून दिवसभर घसा फोडणारा माणूस. शेवटी पिंटूला हाताला धरून मीच बसवलं.

बंटी नागपूरला पत्रकारिता शिकत होता. सुट्टीत आला की जेवताना पेपर मोठ्यानं वाचायचा. कुठे पूल झाला, कुठे पाण्याची टाकी झाली. बारावी कॉमर्सची आमची गुड्डी मान खाली घालून जेवता जेवता विचारायची, "पैसे कोठून आले ते काहून नाई लिहिलं?" तो चिडायचा. "ते तू शोध ना बे! हिसोब तू पाह्य, लिहीन मी." असं भांडता भांडता बहीणभावानं ठरवूनच टाकलं होतं, की एकाच पेपरात दोघं काम करतील. बातमी त्याची, आकडे हिचे. मी हसायचो. हसायचे दिवस होते ते.

आता निकाल तोंडावर होता आणि गुड्डीनं घरात जाहीर केलं होतं, "बाबा, नव्या नियमात कॉलेजात दोन्ही घेता येते. मेजर फायनान्स आन् मायनर पत्रकारिता. दादाचं बी मीच शिकतो."

खरं सांगतो, मला आनंद झाला. कंडक्टरला रिकामी सीट बघवत नाही. रिकाम्या सीटवर पोरगी बसते म्हणते तर बसू दे, असं मी बोलूनही गेलो. आनंदाबाईला मात्र होळीच्या वेळचं आठवत होतं. बंटी शिकता शिकता ज्या पेपरला बातम्या द्यायचा, त्या पेपरवाल्यांनी गुड्डीला एक बातमी करून बघायला सांगितलं होतं. शेजारच्या गावात एक पोर तलावात बुडालं होतं. ही गेली, त्या पोराच्या मायच्या गळ्यात पडून रडली, आणि एक अक्षर न लिहिता घरी येऊन तापानं फणफणली.

पिंटू जेवत होता. जेवत कसला, घास ढकलत होता. गुड्डी आमरस वाढायला वाकली आणि तिथेच थांबली.

"एक इचारू?"

"इचार."

"तू आता दादाच्या पाटावर हायेस. दादा म्हून सांग. घेऊ का मी दोन्ही?"

पिंटूचा हात पत्रावळीवरच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"गुड्डी," तो म्हणाला, "मी पिंटू हावो गं."

आणि तो ढसाढसा रडला. बिचाऱ्याला उठताही येईना, कारण पितरानं पानावरून अर्धवट उठू नये म्हणतात. रडत रडत त्यानं पान संपवलं. हात धुतले. जेवण झालं की पितराच्या पाया पडायचं असतं. आनंदाबाई त्या पोराएवढ्या पोरापुढे वाकली, आणि तिचं डोकं त्याच्या पायावरून लवकर उठलं नाही.

तो गेला. आनंदाबाईनं पत्रावळ उचलली, पाट उचलला आणि भिंतीला लावून ठेवला.

"पाह्यलं का गुड्डी? पितर म्हून बसवला तो बी जेवला आन् उठून गेला. तू त्या पाटावर जलमभर बसाचं म्हनतेस?"

"मंग दादाचं कोन पुरं करीन?"

"कोनीच नाई. अर्धं राह्यलं तं राह्यलं. त्याचं त्याच्यासंग गेलं, माय. लोकाच्या दुःखात शिरून सवाल कराचं काळीज त्याचं होतं. तुझं नाई."

"अवो, पोरगी सोता म्हनते तं..." मी मधे तोंड घातलं.

"तुमची सीट रिकामी राहू द्या!" ती माझ्यावर कडाडली. "एक लेकरू गेलं. दुसऱ्याले त्याच्या जागी नोका बसवू. मले गुड्डी पाहिजे. गुड्डीच पाहिजे."

गुड्डी घागरीपाशी जाऊन बसली. दिवेलागणीला उठली तेव्हा डोळे सुजले होते.

"बाबा, एकच घेतो. फायनान्स."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दोन पोरांचं स्वप्न होतं, त्यातलं एकाचं उरलं. माझ्या आत काहीतरी तुटलं आणि सुटकाही झाली, हे कोणाला सांगू?

जेवायला बसलो. घर खायला उठलं होतं, म्हणून मी पेपर घेतला आणि वाचू लागलो. मला बंटीसारखं वाचता येत नाही. अडखळत, तिकीट फाडल्यासारखं एकेक शब्द तोडत वाचलं, की अमुक गावात तलावाचं खोलीकरण झालं, गावकऱ्यांनी समाधान व्यक्त केलं.

"पैसे कोठून आले ते काहून नाई लिहिलं?" गुड्डी मान खाली घालून म्हणाली.

म्हणाली आणि मान वर करून भिंतीकडे बघत राहिली. बंटी तिथे बसायचा, तिथूनच चिडायचा. मी पेपर धरून बसलो. आनंदाबाईनं तिच्या भातावर वरण वाढलं.