नायिकेला खुर्ची नाही

कवळ्या बनवणाऱ्याने साप्ताहिकातली आपली प्रेमकथा वीस भाग ताणली होती. शेवटी बुधवारी संपादकबाईंनी फोनवर ठणकावलं, "शनिवारी शेवटचा भाग हवा. तिचं एकाशी जमवा आणि मोकळे व्हा."

जमवायचं कोणाशी, इथेच घोडं अडलं होतं. नायिकेवर दोघे मरत होते: एक दीपगृहाचा रखवालदार, एक घड्याळजी. लिहायची त्याची पद्धत अशी, की टेबलासमोर दोन खुर्च्या मांडायच्या, एकीवर रखवालदाराचा कोट, दुसरीवर घड्याळजीची टोपी, आणि आळीपाळीने त्यांच्यावर बसून दोघांची बाजू मांडायची. वीस आठवडे संध्याकाळी घरात तिघंजण असायचे. आता एक हरून जाणार, दुसरा लग्न करून जाणार. म्हणजे मागे उरणार तो आणि फ्रीजची घरघर.

एकाला वाईट करून बघितलं नाही असं नाही. घड्याळजीला कंजूष केलं, तर पुढच्याच पानावर त्याने अनाथाश्रमाला भिंतीवरचं घड्याळ फुकट दिलं. रखवालदाराचे पुढचे दोन दात पाडले. पण तोंडात फट दिसली की या माणसाचा हात थांबत नसे. तिसऱ्या ओळीत दात बसवूनही झाले, पहिल्यापेक्षा सरस. दोघे इतके गुणी निघाले, की त्यांच्यापैकी कोणी त्यालाच मागणी घातली असती तरी तो नाही म्हणाला नसता.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, जेवलास?"

"आम्ही बसतोच आहोत."

"आम्ही कोण?"

तो खाकरला. मग कोट, टोपी, खुर्च्या, सगळं सांगून टाकलं. बहीण हसली नाही, हे जास्त लागलं.

"बरं, आणि ती कुठे बसते?"

"कोण ती?"

"अरे बाबा, जिच्यासाठी हे दोन टोणगे भांडतायत ती!"

त्याने घरभर नजर फिरवली. ती बहुधा दाराशी उभी असावी. वीस आठवडे. चपला घालून.

"पायाचे तुकडे पडले असतील बिचारीच्या," बहीण म्हणाली. "रविवारी जेवायला ये. कोट घरी ठेव."

घरात तिसरी खुर्ची एकच होती, त्याच्या बुडाखालची. ती त्याने दाराशी नेऊन ठेवली आणि फ्रीजवर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला घेतलं. नायिका बसली. बराच वेळ नुसते तळपाय चोळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दोघंही फार चांगले आहात. मला तुमच्यातला फरकच कळत नाही. जा आता."

ते गेले. बरोबरच गेले, गप्पा मारत. जिन्यात हसण्याचा आवाजसुद्धा आला. थोड्या वेळाने तीही उठून गेली, तिला कोणी अडवलं नाही.

भाग संपला. त्याने कोट आणि टोपी कपाटात ठेवली. तीन रिकाम्या खुर्च्यांपैकी कुठलीवर बसावं, तेही त्याला ठरवता येईना. म्हणून तो चपला घालून दाराशी उभा राहिला. रविवारला अजून चार दिवस होते.