मी पाहिलेली पिंपं

मी रडार बोलतोय. आकाशातली विमानं टिपतो तो नव्हे. तो आमच्या घराण्यातला बडा माणूस, त्याला राहायला उंच मनोरा असतो. मी जमिनीच्या आत पाहणारा. बाबागाडीसारखी चार चाकं, मध्ये सपाट नारिंगी पेटी, वर दांड्याला लावलेला पडदा, असं माझं रूप. मला कुणीतरी ढकलावं लागतं. माझ्या पेटीतून लहरी खाली जातात, वाटेत काही वेगळं लागलं की उलट्या फिरतात, आणि त्यावरून मी पडद्यावर रेघा काढतो. माझं शिक्षण एवढंच.

जिथे मला बनवलं तिथे वाळूचा एक मोठा हौद होता. त्यात पाइप, तारा, पत्र्याचे डबे पुरून माझी परीक्षा घेतली. मी एकही सोडला नाही. तपासणाऱ्याने समाधानाने मान हलवली आणि माझ्या अंगावर शिक्का मारला. जे आहे ते दाखवलं की माणसं खूश होतात, अशी माझी समजूत तिथेच झाली. ती पुसायला पुढे बारा वर्षं लागली.

मला दोन भावांनी विकत घेतलं. थोरला मला घेऊन रानोमाळ, रस्तोरस्ती फिरायचा. धाकटा ऑफिस सांभाळायचा, माणसं जोडायचा, अहवाल पाठवायचा. थोरल्याने आपल्या बायकोलाही माझं काम शिकवलं. पडद्यावर बोट ठेवून तो तिला सांगायचा, "हे बघ, खाली गोल काही असलं की अशी कमान उमटते. पाइपची कमान मंद. पत्र्याची लखलखीत, आणि तिच्याखाली तिचेच पडसाद एकाखाली एक. हा शब्द लिहीत नाही गं. वाचायचं आपण."

ती पटकन शिकली. चार वर्षांनी थोरला हृदयविकाराने गेला. पंधराव्या दिवशी ती ऑफिसात आली, माझी बॅटरी चार्जिंगला लावली आणि दिराला म्हणाली, "उद्याची मोजणी मी करते." तेव्हापासून मी तिच्या हाताखाली. ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

माणसं आपल्या पायांखाली काय पुरून ठेवतात आणि किती लवकर विसरतात, हे मी पाहिलं. पाणीवाले पाइप टाकतात, त्यावरून वीजवाले तार नेतात, त्या तारेला चुकवून टेलिफोनवाले खणतात आणि नकाशा कुणाकडेच नसतो. मग मला बोलावतात. एका गृहस्थांनी बागेत हरवलेलं बायकोचं कानातलं शोधायला मला आणलं होतं. मला त्यांच्या बंगल्याखालून गेलेलं शेजाऱ्याचं चोरटं गटार सापडलं. ते मात्र त्यांना नको होतं.

पण खरं सांगायचं आहे ते वेगळंच.

शहराच्या टोकाला एक बंद पडलेला रंगाचा कारखाना होता. ती जागा घेऊन तिथे घरांची वसाहत बांधायची ठरली. त्याआधी जमीन तपासून दाखला द्यावा लागतो. ते काम आमच्याकडे आलं. पहिल्या दिवशी वहिनी मला गाडीतून उतरवत होती, तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. उंच, वाकलेला, दोन्ही हातांवरची कातडी माशाच्या खवल्यासारखी सुटलेली.

"तुम्ही जमिनीतलं बघता ना?" त्याने विचारलं. "मग उगाच सगळीकडे हिंडू नका. मी दाखवतो कुठे बघायचं ते."

तो या कारखान्यात तीस वर्षं डोझर चालवायचा. डोझरकाका म्हणायचे त्याला. त्याने सांगितलं की एका उन्हाळ्यात मोठ्या साहेबांच्या हुकमावरून मागच्या मैदानात तीन चर खणले आणि त्यांत उरलेल्या विषारी रसायनाची पिंपं लोटली. एकशे ऐंशी पिंपं. काही गळत होती. त्याने वरून माती ढकलली. दोन पिंपं फुटली तेव्हा खाली उतरून ती हातांनी सरळ केली. हातांची ही दशा तेव्हापासूनची.

"इतकी वर्षं बोलला नाहीत?" वहिनीने विचारलं.

"नोकरी होती, बाई. नंतर वाटलं, पडीक जमीन आहे, कुणाला काय त्याचं. आता तिथे माणसं राहायला येणार म्हणतात. लेकरं मातीत खेळणार." त्याने मागच्या मैदानाकडे पाहिलं. "माती मीच ढकललीय ना."

पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापासून त्याने मोठ्या मोठ्या ढांगा टाकत चाळीस पावलं मोजली आणि टाच रोवून उभा राहिला. वहिनीने टेप लावली, अर्ध्या अर्ध्या मीटरवर दोऱ्या ताणल्या आणि मला ढकलायला सुरुवात केली. माती कोरडी होती, मला लख्ख दिसत होतं. दीड मीटर खोलीवर पहिली कमान आली. तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी, मग तिसरी. लखलखीत, खाली पडसाद. तीन रांगा, अगदी काकांनी सांगितल्या तशा. वहिनीने वरच्या थरातली चौसष्ट मोजली. खालची वरच्यांच्या आड लपलेली होती, ती मलाही दिसत नव्हती. प्रत्येक कमानीवर तिने पांढऱ्या रंगाची फुली मारली. संध्याकाळपर्यंत मैदान फुल्यांनी भरून गेलं.

काका पडद्याकडे बघत होता. "हीच," एवढंच म्हणाला, आणि हात खिशात घातले.

वसाहतीचं काम पाहणारे साहेब दुसऱ्या दिवशी आले. पडद्यावर नजर टाकून म्हणाले, "दगड असतील."

"दगड असे रांगेत बसत नाहीत, साहेब," वहिनी म्हणाली.

साहेब हसले. मग बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले.

चार दिवसांनी धाकट्याने वहिनीला आपल्या टेबलाशी बोलावलं. मी शेजारीच भिंतीला टेकून होतो.

"वहिनी, अहवालात 'विखुरलेले दगड व जुन्या पायाचे अवशेष' असं लिहू या."

"पिंपं आहेत ती."

"तुम्ही खणून पाहिलीत?"

"खणायची परवानगी दिली कुठे त्यांनी?"

"म्हणजे नाही पाहिलीत. आणि यंत्र काही पिंप असं लिहीत नाही. दादाच म्हणायचा ना, वाचायचं आपण? मग आपण दगड वाचू."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "त्यांचं नाव यात आणू नका, भाऊजी."

धाकट्याचा आवाज खाली आला. तो काही राक्षस नव्हता, हेच जास्त वाईट. "या वसाहतवाल्यांचं काम गेलं तर ऑफिसला कुलूप लागेल. चौदा घरं चालतात यावर. तुमचंही त्यातच आलं. तो म्हातारा उद्या मरेल. आपल्याला जगायचंय."

मग त्याने माझी चित्रं संगणकावर घेतली आणि त्यांचा जोर उतरवत नेला. कमानी आधी राखाडी झाल्या, मग धुरकट, मग नुसतं वारुळागत काहीतरी उरलं. तसलीच चित्रं त्याने छापली. मी आयुष्यभर ज्यासाठी राबलो ते माझ्यासमोर विझवत नेलं आणि मला हूं की चूं करता आलं नाही. खाली मजकूर होता: 'सदर पाहणी अत्याधुनिक भूवेधी रडारद्वारे करण्यात आली असून धोकादायक वस्तू आढळून आलेली नाही.' म्हणजे खोटं त्यांनी बोलायचं आणि साक्षीदार मी.

वहिनीने सही केली. पेन खाली ठेवलं, उठली, ओलं फडकं आणलं आणि माझी चारही चाकं पुसत बसली. ती आधीच स्वच्छ होती.

काका महिन्याभराने ऑफिसात आला. कुणीतरी त्याला अहवाल वाचून दाखवला होता.

"बाई, तुम्ही तर पाहिलंत ना?" तो म्हणाला. "मला वेड लागलेलं नाही ना? तेवढंच सांगा."

"काका, अहवाल गेलाय वर," वहिनी खाली बघत म्हणाली.

"ते नाही विचारत मी."

तिने टेबलावरचे कागद सारखे केले. काकाने थोडी वाट पाहिली, मग माझ्याकडे बघितलं. माणसं सहसा माझ्या पडद्याकडे बघतात. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेला.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने भर दुपारी त्या मैदानात एका फुलीवर स्वतःच खणायला घेतलं. गुडघाभर खड्डा झाला असेल, तोवर पहारेकरी धावले. त्याच्या मुलाला बोलावणं गेलं. मुलाला वसाहतीच्या बांधकामावर नुकतंच काम मिळालं होतं. त्याने बापाच्या हातून फावडं काढून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "डोकं फिरलंय त्यांचं. मनावर घेऊ नका." हे सगळं आमचा गाडीवाला ऑफिसात सांगत होता, आणि लोक हसत होते. वहिनी उठून बाहेर गेली. त्याच दिवशी मैदानावर रोलर फिरला आणि फुल्या गेल्या. काका पुढच्या थंडीत गेला. वहिनी त्याच्या घरी गेली नाही. मी सांगतोय त्यातलं हे मला सर्वांत कठीण जातं, कारण ती वाईट बाई नव्हती.

तीन वर्षांनी त्याच वसाहतीतून आम्हाला बोलावणं आलं. एका घराच्या अंगणात पाण्याचा पाइप फुटला होता, नेमका कुठे ते कळेना. बाकी सगळे दुसरीकडे गुंतले होते म्हणून वहिनीच मला घेऊन गेली. छान घरं होती. रंगीत दारं, कुंड्या, दोरीवर वाळणारे छोटे कपडे. तिने मला अंगणात उतरवलं. दहा पावलांत पाइप सापडला. तिथेच थांबता आलं असतं. पण ती मला पुढे ढकलत राहिली, कुंपणापर्यंत, आणि परत. कमानी तिथेच होत्या. फक्त काही सपाट झाल्या होत्या, पत्रा खचल्यासारख्या, आणि त्यांच्या आजूबाजूची माती मला पूर्वीसारखी वाचता येत नव्हती. तिथून माझ्या लहरी परतच येत नव्हत्या. जे आत होतं ते बाहेर पसरलं होतं.

घरची बाई दारात उभी होती. पस्तिशीची असेल, कडेवर मूल. "सापडला का हो?"

"पाइप सापडला," वहिनी म्हणाली. मग दांडा घट्ट धरून एका दमात सगळं सांगून टाकलं. कारखाना, चर, पिंपं, तिची सही. "मी लिहून देते तुम्हाला. नगरपालिकेत तक्रार करा, मी येते साक्षीला. या बाळाला इथल्या मातीत सोडू नका."

मला वाटलं, आता ती बाई ओरडेल, शेजाऱ्यांना हाका मारेल. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनीसाठी खूश झालो होतो.

त्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, शेजारच्या खिडकीकडे पाहिलं आणि दोन पावलं जवळ आली.

"हळू बोला," ती म्हणाली. "आम्ही घर विकायला काढलंय. हा सारखा खोकतो, डॉक्टर म्हणाले हवा बदला. घेणारे रविवारी येतायत. त्यांचीही दोन लहान आहेत, त्यांना अंगण फार आवडलंय. तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही. पाइपाच्या जागेवर तेवढी खूण करून द्या."

वहिनीने पाइपाच्या जागेवर खूण करून दिली.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. महिनाअखेरीला ती ऑफिस सोडून गेली. नगरपालिकेत तिने एकटीने अर्ज दिला असं ऐकलं. तिला उत्तर मिळालं की रडारच्या पाहणीत तिथे काही आढळलेलं नाही, सोबत अहवालाची प्रत, खाली तिचीच सही.

आता ऑफिसात माझ्यापेक्षा हलकं, नवं यंत्र आलंय. मी मागच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांच्या पलीकडे पडून आहे. बॅटरी कधीच मेली. पेटी मात्र अजून चांगली आहे, आणि कुणी बॅटरी घातली तर मी आजही चोख दाखवीन. त्याचीच मला भीती वाटते. म्हणून तुम्हाला विनवतो, मला किंवा माझ्या जातीच्या कुणाला आपल्या जमिनीवर बोलावणार असाल, तर आधी घरात सगळ्यांनी बसून ठरवा, की खाली जे निघेल ते ऐकून घ्यायची आपली तयारी आहे. ती नसेल तर मला गाडीतून उतरवूच नका.