उठा म्हणणारा ठोका

मित्रांनो, गावातले लोक मला घंटा म्हणतात, पण माझं कूळ वेगळं आहे. मी एक जुना, बूड कापलेला गॅसचा सिलिंडर आहे. बंदरावर जहाजांचे पत्रे जोडणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली मी दहा वर्षं काढली. पुढे अंगावर गंज चढला, मला कोपऱ्यात टाकून दिलं आणि सामोआतल्या या किनाऱ्यावरच्या गावाने मला फुकटात उचलून आणलं. इथे एका लोहाराने माझं बूड कापलं आणि मला समुद्राकाठच्या नीरफणसाच्या झाडाला टांगलं. पहिला ठोका पडला तेव्हा माझा मलाच आवाज ओळखू आला नाही, इतका तो गोड होता.

माझं काम सोपं होतं. संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी पहिला ठोका पडे. त्याचा अर्थ, असाल तिथून घरी या. दुसऱ्या ठोक्याचा अर्थ, मांडी घालून बसा आणि हलू नका. त्या वेळात रस्त्यावर गावातले तरुण लुंग्या नेसून पहारा देत. कुणी चालताना दिसला तर त्याच्या घरच्यांना एक डुक्कर दंड बसे. मग आमच्या बिनभिंतींच्या घरांतून भजनं सुरू होत, ती संपली की माणसं आपापली उठून कंदमुळं वाढायला घेत. उठा असं सांगणारा ठोका माझ्याकडे नव्हताच. कुणाला कधी त्याची गरज वाटली नव्हती.

गावचे प्रमुख तुइलोमा. मला वाजवण्याचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं आणि त्यांनी ते आपल्या नातीला, सिनालेईला दिलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचा हात माझ्यापर्यंत पोचत नसे, म्हणून ती नारळाच्या ओंडक्यावर चढून लोखंडी गजाने ठोका देई. ठोका दिला की माझ्या अंगाला कान लावून बसे आणि म्हणे, "म्हाताऱ्या, तुझ्या पोटात समुद्र आहे बघ." मला ते फार आवडायचं. आज ते शब्द आठवले की अंगावर काटा येतो.

तिचा धाकटा भाऊ सेमो म्हणजे वारं प्यायलेलं वासरू. प्रार्थनेला तो एका जागी टिकेना, तेव्हा तुइलोमांनी त्याला एक गोष्ट सांगितली.

"संध्याकाळी एक देवदूत मोजणी करत येतो. जो हलला तो मोजणीतून सुटला."

"आणि आजोबा, नाक खाजलं तर?"

"खाजू दे. तो डोकी मोजतो, नाकं नाही मोजत."

"सुटलेल्याचं काय होतं?"

"सुटलेला कायमचा हरवतो," आजोबा म्हणाले आणि हसले. सेमो मात्र हसला नाही. त्या दिवसापासून दुसरा ठोका पडला की तो दगड होऊन बसे. डास चावले तरी पापणी हलवत नसे. बायका कौतुकाने कानशिलांवर बोटं मोडत.

सिनालेई अकरा वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं. कुणीच आलं नव्हतं. नंतर माझ्यापाशी येऊन ती हळूच म्हणाली, "म्हाताऱ्या, कुणी मोजत बिजत नाही. पण सेमोला सांगू नकोस हं. त्याला आत्ताशी कुठे बसायची सवय लागलीये." मी कुणाला काय सांगणार? पण आपल्याला कळलेलं खोटं दुसऱ्यासाठी राखून ठेवणं, हे मोठेपणाचं पहिलं लक्षण तिच्या अंगी तेव्हाच आलं होतं.

त्याच वर्षीची ती संध्याकाळ अगदी रोजच्यासारखी होती. पहिला ठोका पडला. मग जमीन हलली. धक्का मोठा नव्हता, पण लांबला. मी फांदीवर आपोआप झुलू लागलो. असे धक्के आमच्याकडे वर्षातून चार-पाच तरी बसतात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. बराच वेळ गेला. कुत्री डोंगराकडे तोंड करून ओरडत होती. सिनालेईने वेळ झाली तसा दुसरा ठोका दिला आणि सारं गाव मांडी घालून बसलं.

तिने गज खाली ठेवला आणि समुद्राकडे पाहिलं. समुद्र जागेवर नव्हता. प्रवाळाची पार टोकापर्यंतची रांग उघडी पडली होती आणि तिच्यावर मासे तडफडत होते.

पोरीचं धाबं दणाणलं. गज उचलून तिने माझ्यावर ठोक्यांवर ठोके घातले. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या जोराने कधी वाजलो नव्हतो आणि इतका निकामीही कधी ठरलो नव्हतो. मी ओरडलो तशी माणसं अधिकच सावरून बसली. ज्या बाया चुलीपाशी रेंगाळल्या होत्या, त्याही लगबगीने आत जाऊन बसल्या. मी एवढंच शिकवलं होतं ना त्यांना!

"ए पोरी, चळ लागलाय का तुला?" पहाऱ्यावरचा एक जण दबक्या आवाजात खेकसला. "खाली बस!"

तिने गज टाकला आणि धावली. प्रार्थनेच्या वेळी, भर रस्त्यातून, थोरामोठ्यांसमोर. "उठा! पाणी गेलंय! डोंगरावर चला!"

"सिनालेई!" तुइलोमा गरजले. "प्रार्थना चाललीये!"

"आजोबा, आधी समुद्र बघा, मग मला मारा!"

तुइलोमांनी मान वळवली आणि ते ताडकन उठले. त्यांच्यामागे घरंच्या घरं उठली. फक्त सेमो उठेना. डोळे घट्ट मिटून तो पुटपुटत होता, "मी नाही हलणार. मी सुटेन."

"सेमो, कुणी मोजायला येत नाही! ते खोटं आहे!"

"आजोबा खोटं बोलत नाहीत."

"बोललेत! मला माहीत होतं, मीही तुला सांगितलं नाही!" ती रडत ओरडली आणि त्याला तसाच मांडी घातलेला काखोटीला मारून निघाली. तुइलोमा ऐकत होते. गावाच्या पूर्वेच्या टोकाची घरं माझे ठोके ऐकून अजून बसूनच होती, तिकडे ते धावत सुटले. मला दिसलेलं शेवटचं ते एवढंच. मग पाणी आलं.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. डोंगरावर अंधार पडायच्या आत सिनालेईने डोकी मोजली. एकशे बारा. तिने पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. पाच कमी होती. त्यांतले एक तिचे आजोबा होते. सेमो एका झाडाखाली ताठ बसला होता.

"ताई, तू मोजतेयस?" त्याने विचारलं. "मी हललो तर चालेल?"

"हल रे बाबा," ती म्हणाली. "हवं तितकं हल. तुला मोजलंय मी."

मला चिखलातून काढून आता डोंगरावर टांगलं आहे. प्रार्थनेला दोनच ठोके पडतात. न थांबता वाजलो तर उठून पळायचं, हे सिनालेईने स्वतः घरोघरी फिरून शिकवलं आहे. तिची स्वतःची मुलं आता माझ्या अंगाला कान लावतात. सेमोला मिशा फुटूनही वर्षं लोटली, पण दुसरा ठोका पडला की सारं गाव बसतं आणि तो उभा राहून समुद्राकडे बघत असतो. त्याला कुणी दंड करत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. मुलांना शांत बसवायला गोष्टी जरूर सांगा. पण गोष्टीतून उठायचं कधी, तेही त्यांना सांगून ठेवा. तो ठोका माझ्याकडे नव्हता, म्हणून एका अकरा वर्षांच्या पोरीला तो व्हावं लागलं.