आठातले सव्वातीन

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास प्रोग्रॅम तिसऱ्यांदा बंद पडला. पडद्यावर तीच चौकट आली: मेमरी अपुरी आहे, किमान चार जीबी हवी. तिने चौकटीतल्या ‘ठीक’वर टिचकी मारली. ठीक काहीच नव्हते, पण चौकटीत दुसरे बटणच नव्हते.

ती एका रुग्णालयासाठी घरी बसून टायपिंग करत असे. डॉक्टर तपासणीचे अहवाल तोंडी बोलून ठेवत आणि ती ते कानात ऐकून लिहून काढी. केस पांढरे झाले ते याच कामात. आता रुग्णालयाने नवा प्रोग्रॅम आणला होता. त्यातून चाचणीचा एक अहवाल आज पाचच्या आत पाठवायचा होता. जे पास होतील त्यांनाच सोमवारपासून काम. घर तिच्या एकटीच्या कामावर चालत होते. थोरला भाऊ, दादा, लिफ्ट मेकॅनिक होता, पण गुडघे गेल्यापासून तो घरीच असे.

“झालं का गं चिमे?” आतून त्याचा आवाज आला. तिची पन्नाशी उलटली तरी त्याच्यासाठी ती चिमीच होती.

“होतंय.”

“होतंय म्हणजे होत नाहीये.” तो काठी टेकत बाहेर आला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. “आता काय मागतोय हा?”

“मेमरी.”

“अजून? आत्ता रविवारी तर घातली!”

रविवारी त्याने स्वतः लॅपटॉप उपडा करून, स्वतःच्या पेचकसाने मागचे झाकण उघडून मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या होत्या. जुन्या चारच्या जागी आठ जीबी. झाकण लावून हात झटकत तो म्हणाला होता, आता बघ घोड्यासारखा पळेल. त्याच संध्याकाळी तिने लॅपटॉपच्या माहितीचे पान उघडून पाहिले होते. आता तेच पान तिने त्याच्यासमोर उघडले. चष्मा कपाळावर चढवून तो वाकला आणि एकेक शब्द वाचू लागला.

“बसवलेली आठ. वापरता येण्याजोगी तीन पॉइंट दोन चार. म्हणजे काय? उरलेली पावणेपाच गेली कुठं?”

“आतच आहे. त्याला वापरता येत नाही.”

“तुला कधी कळलं हे?”

तिने पडद्यावरची धूळ बोटाने पुसली.

“चिमे, कधी?”

“रविवारीच.”

“आणि मला म्हणालीस, घोडा पळतोय.”

“घोडा तूच म्हणालास. मी नुसतं छान म्हणाले.”

त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग म्हणाला, “आठ माणसांची लिफ्ट चौथ्याच माणसाला घंटा वाजवायला लागली, तर आम्ही माणसं उतरवत नाही. वजनाच्या काट्यात दोष शोधतो. चल, उठ.”

“तू कशाला? जिना आहे.”

“पट्ट्या मी बसवल्यात. बोलणी मीच खाणार.”

दुरुस्तीवाल्याचे दुकान कोपऱ्यावरच होते, पण दोघांना पोचायला बराच वेळ लागला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले, पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, तेच पान पाहिले.

“काका, तुमच्या बसवण्यात खोट नाही. सिस्टिम जुनी आहे, बत्तीस बिटांची.”

“माणसाच्या भाषेत सांगा.”

“मेमरी म्हणजे खोल्या समजा. प्रत्येक खोलीला नंबर लागतो. नंबर असला तरच सिस्टिम तिथं सामान ठेवणार. या सिस्टिमकडचे नंबर चार जीबीला संपतात. पुढं खोल्या आहेत, पण बिननंबरी. तुम्ही सोळा घातली असती तरी तेवढंच.”

“मग चार तरी दिसायला हवेत. सव्वातीन का?”

“त्या चारातले काही नंबर पडद्याच्या कार्डाला आणि बाकीच्या भागांना आधीच देऊन टाकलेले असतात. उरले ते आपले.”

“म्हणजे आधीच्या चारातलेही पुरते मिळत नव्हते हिला?”

“कधीच नव्हते.”

“नाव सोनुबाई,” दादा म्हणाला आणि दुकानातल्या एकमेव स्टुलावर बसला.

उपाय होता. प्रोसेसर चांगला होता, त्यामुळे चौसष्ट बिटांची सिस्टिम टाकता येणार होती. मग सगळी आठ जीबी वापरात येईल, कामाची नक्कल आधी काढून ठेवू, तीनपर्यंत लॅपटॉप हातात देतो, असे दुरुस्तीवाला म्हणाला. मग थांबून त्याने विचारले, “ताई, ते पायाचं पेडल तुम्ही अजून वापरता का?”

“रोज.”

“ते नाही चालणार नव्यावर. त्याचा प्रोग्रॅम बत्तीसचाच आहे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली.”

पंजा दाबला की डॉक्टरांचा आवाज सुरू, उचलला की बंद, टाच दाबली की मागे. हात कळांवरून हलत नसत. ही सवय इतकी मुरली होती की जेवताना दादा बोलत असला तरी टेबलाखाली तिचा पाय हलत राही. “मला थांबवतेस की मागं नेतेस?” तो विचारायचा. “तू थांबतोस होय?” ती म्हणायची.

“नवं पेडल मिळेल?” तिने विचारले.

“मागवावं लागेल. आठवडा तरी धरा.”

इकडे आड, तिकडे विहीर. तिने दुकानातल्या घड्याळाकडे पाहिले.

“टाका नवीन,” ती म्हणाली.

तीननंतर लॅपटॉप घरी आला. प्रोग्रॅम एका फटक्यात उघडला. चाचणीला नेमके ते सर्जन आले, जे दाराकडे चालत चालत बोलल्यासारखे बोलत. आवाज थांबवायला एक कळ, मागे न्यायला दुसरी. दर वेळी हात उचलावा लागे, बोटांची जागा चुके, तेवढ्यात सर्जन दोन वाक्ये पुढे गेलेले असत. टेबलाखाली पाय फरशी दाबतच होता.

साडेचारला अहवाल संपला. दोन जागा कोऱ्या होत्या. जे ऐकू आले नाही ते लिहायचे नाही, जागा कोरी सोडायची, डॉक्टर पाहून भरतात; या कामाची ही पहिली शिस्त. नव्या प्रोग्रॅमात कोरी जागा कशी दाखवायची हे विचारायला तिने रुग्णालयातल्या कारकुनाला फोन लावला.

“कोरी कशाला ठेवताय, ताई? प्रोग्रॅम मार्क कापतो त्याचे. भरून टाका अंदाजाने.”

“ऐकू आलं नाही मला.”

“एवढी वर्षं त्यांचं ऐकताय. पुढं काय म्हणणार ते तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण ऐकू आलं नाही.”

“बघा बुवा. माझं काम सांगायचं होतं.”

दादा दारात उभा राहून ऐकत होता. “भर की. कोण बघतंय?”

“तू दोर न तपासता लिफ्ट चालू केली होतीस का रे कधी?”

“लिफ्टीत माणसं असतात, बाई.”

तिने अहवालातल्या रुग्णाच्या नावावर बोट ठेवले. तो खाली मान घालून आत गेला.

तिने पुन्हा ऐकले. एक जागा भरली: औषध किती दिवस द्यायचे, तो आकडा. दुसऱ्या जागी खोकला होता आणि त्यामागे एक शब्द. तो कोणता असणार हे तिला ठाऊक होते. पाचला थोडा वेळ उरला असताना तिने ती जागा कोरी ठेवूनच अहवाल पाठवला. ‘मिळाला’ एवढे उत्तर लगेच आले. निकाल आला नाही. शनिवारी कार्यालय बंद होते. रविवारी तिने घर झाडले, दादाच्या गुडघ्यांना तेल लावून दिले.

सोमवारी नऊला तिने अंघोळ करून, केस बांधून प्रोग्रॅम उघडला. परवलीचा शब्द त्याने स्वीकारला. ‘आजचे काम’ या खान्यात काही नव्हते. नापास झालेल्यांना तो आत घेतो की नाही, हे कुठे लिहिलेले नव्हते. डॉक्टर तसेही साडेनऊशिवाय बोलायला सुरुवात करत नसत.

“आलं का काही?” आतून विचारणा झाली.

“नाही अजून.”

पावणेदहा वाजले होते.