मामांची उलटतपासणी

गव्हाने पोटाशी उभे वैर धरल्यापासून भाचीने बाहेर जेवणे सोडले होते. कुठेही गेली तरी पर्समध्ये स्वतःचा डबा. वर्षभराने आज प्रथमच डबा घरी ठेवून ती मामांबरोबर मेक्सिकन उपाहारगृहात आली होती. हेही जेवण बाधले, तर डबा कायमचा, असे तिने मनाशी ठरवले होते. आणि मामा वकील असल्यामुळे हा खटला त्यांनी आपणहून चालवायला घेतला होता.

काचेपलीकडे वाढणाऱ्या बाईंची त्यांनी रीतसर उलटतपासणी केली. पोळीसारख्या टॉर्टिया मक्याच्या असल्या, तरी गव्हाच्या टॉर्टियांबरोबर एकाच तव्यावर गरम होतात, हे कबूल करवून घेतले. चिप्स वेगळ्या कढईत तळतात का, चिकनच्या मसाल्यात गहू असलेला सोया सॉस पडतो का, हेही सोडले नाही. मागची रांग दारापर्यंत गेली. भाची त्यांची बाही ओढत राहिली. अखेर बाईंनी हातमोजे बदलले, मागच्या बंद डब्यांतून स्वच्छ डावांनी भात, राजमा, चिकन वाढले आणि वर ठेचलेल्या अव्होकाडोचा हिरवागार गोळा ठेवला.

मामा विजयी मुद्रेने टेबलाशी आले. स्वतःसाठी त्यांनी गव्हाच्या टॉर्टियात सारण गुंडाळलेला भलामोठा बरिटो घेतला होता. भाचीच्या पानातला पहिला घास मामांचा, हा शिरस्ता ती दुडूदुडू चालत होती तेव्हापासूनचा. बोलता बोलता त्यांनी बरिटोचे टोक तिच्या अव्होकाडोत बुडवले आणि तोंडात टाकले.

भाचीचा चमचा हवेतच थांबला.

“मामा,” ती म्हणाली, “आरोपी सापडला.”

मामांनी बरिटो घाईने खाली ठेवला. वरवरचा तेवढा भाग काढला तर, असे काहीसे ते पुटपुटले, पण स्वतःलाच ते पटले नाही. आता ही उपाशी घरी जाणार, या धास्तीने ते उठू लागले, तोच भाची हसत हसत स्वतः रांगेत जाऊन उभी राहिली. तिने दोन वाक्यांत काय हवे ते सांगितले. बाईंनी पुन्हा हातमोजे बदलले. नवा वाडगा घेऊन ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली आणि पोटभर जेवली. बरिटो आणि बाटलेला वाडगा, दोन्ही संपवण्याची शिक्षा मामांनी भोगली.

संध्याकाळभर ते फोन करून तिच्या पोटाची चौकशी करत राहिले.

“ठणठणीत आहे,” शेवटी भाची म्हणाली. “रविवारी पुन्हा जाऊ. फक्त बोलणार मी, आणि तुम्ही बसायचं शेजारच्या टेबलावर.”

मामांनी निकाल मान्य केला. मात्र अपिलाचा हक्क राखून.