फर्स्ट क्लासमधलं तिरफळ

माझा दादा विमानात कधी बसला नाही, पण विमानात फर्स्ट क्लासची माणसं काय जेवतात हे आमच्या मरोळच्या चाळीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. संपात गिरणी बुडाली तेव्हा दत्तारामदादाने मिळेल ते काम केलं, आणि मग एका ओळखीने सहार विमानतळावरच्या फ्लाइट किचनमध्ये टेंपररी लागला. आधी भांडी घासायला, मग भाजी चिरायला. हात स्वच्छ आणि काम नेटकं, म्हणून शेवटी त्याला फर्स्ट क्लासच्या टेबलावर घेतलं.

घरी आला की तो आयेला आणि मला तिथली जेवणं सांगायचा. मागच्या लोकांना पत्र्याच्या डबीत कोंबलेला भात. पडद्याच्या पुढे बसलेल्यांना मात्र चिनी मातीच्या ताटल्या, कडक इस्त्रीचा रुमाल आणि ट्रेवर एक गुलाबाची कळी. लोणी असं नुसतं द्यायचं नाही, त्याचे शिंपले पाडायचे. हातभर कोळंबीसारखी शेवंड उभी चिरून तिच्याच कवचात पुन्हा भरायची. कसल्याशा माशाची काळी अंडी बर्फाच्या वाटीत ठेवायची. मी सीप्झमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात दिवसभर वायरी डकवून डोळे चोळत बसलेली असायची, पण हे ऐकताना मलाही भूक लागायची.

आयेला प्रश्न वेगळेच पडायचे.

"येवढा करून ते खातत तरी काय?"

"निम्मं परत येतं, आये."

"मगे ता कोण खाता?"

"कोणी नाय. वर फिनेल ओततात आणि फेकतात. कोणी उचलून खाऊ नये म्हणून."

आये ताटातलं शेवटचं शीत वेचून खायची. संपाच्या वर्षी आम्ही पेजेवर काढलेले दिवस तिच्या डोळ्यांसमोर येत असणार. माझ्या तर यायचेच, आणि मला त्या फिनेलचा भयंकर राग यायचा.

अन्न परत यायचं त्याला कारण होतं. विमान वर गेलं की माणसाची जीभ मंद होते, असं तिथले मोठे शेफ सबनीससाहेब सांगायचे. मार्तंड सबनीस, मूळचे नागपूरकडचे, स्वित्झर्लंडला शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता. खाली झकास लागणारी गोष्ट वर नुसती पचपचीत लागते, आणि फर्स्ट क्लासचा पाहुणा दोन घास खाऊन ताट सरकवतो, याचा त्यांना खरंच त्रास व्हायचा. ज्या परदेशी कंपनीच्या विमानांना आमच्या दादाचं किचन जेवण पुरवायचं, ती कंपनी या जेवणावरून कुरकुर करायला लागली होती.

एक दिवस दादा किचनमध्येच डबा उघडून जेवायला बसला होता. आयेने बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमचा तिखट रस्सा, दिलं होतं. सबनीससाहेब बाजूने जात होते ते थबकले आणि वास घेत परत आले.

"दत्ता, हे काय आहे रे? हा वास कसला?"

"तिरफळाचा, साहेब."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. तिरफळ म्हणजे आमच्या कोकणातल्या काटेरी झाडाचं फळ, मिऱ्याहून जरासं मोठं. वाळवून आतली बी टाकायची, टरफल जरासं ठेचून बांगड्याच्या नाहीतर तारल्यांच्या रश्शात टाकायचं. त्याचा वास दारातून शेजाऱ्यांकडे जातो. पण ते खायचं नसतं. जेवताना ताटात आलं की कडेला काढून ठेवायचं. चावलं तर जीभ आणि ओठ बधिर होतात, तोंडाला पाणी सुटतं. हे आम्हाला कोणी शिकवलं म्हणाल, तर कोणीच नाही. माशाचा काटा काढायला कोण शिकवतं? बघून बघून येतं ते.

साहेबांनी रश्शात पाव बुडवून खाल्ला आणि डोळे मिटले. "हे वर गेलं तरी कळेल," ते म्हणाले. "याच्यापुढे मंद जीभ काय करणार आहे!"

मग ठरलं. फर्स्ट क्लासच्या नव्या मेनूत कोकणातला मासा. फक्त बांगडा नको, बांगड्याला वास आणि काटे, पापलेट घ्यायचं. दादाने हे घरी सांगितलं तेव्हा आये कपाळाला हात लावून बसली.

"पापलेटाक तिरफळां? ह्या कोणी सांगल्यान तुका? तुझो बापूस ऐकीत तर वरसून खाली येतलो."

"आये, गोऱ्या लोकांना काय कळतंय? साहेब बोलले, हे जमलं ना, तर तुला पर्मनंट करतो."

पर्मनंट हा शब्द ऐकल्यावर आयेने पापलेटाचं दुःख बाजूला ठेवलं. दिंडोशीची एक मुलगी दादाला सांगून आली होती, आणि तिच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं होतं, टेंपररीला मुलगी देत नाही. गिरणीने एकदा रस्त्यावर आणलेल्या घराला पर्मनंट म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. आयेने गावी निरोप धाडून यंदाची नवी तिरफळं मागवली. निवडून, बिया काढून, फडक्यात बांधून दादाच्या हाती दिली. देवाला हात जोडून दिली.

किचनमध्ये चाचणी झाली. साहेबांचा हुकूम होता, रस्सा गाळून घ्यायचा. ताटलीत तुकडा, वर गुळगुळीत रस्सा. तो खाली ठीक लागला. पण विमानातलं जेवण आधी थंड करतात आणि वर गेल्यावर भट्टीत पुन्हा गरम करतात. तसं गरम करून बघितलं तर तिरफळाचा वास पार उडालेला. साहेबांचं तोंड उतरलं. दादा दोन दिवस नीट जेवला नाही.

मग त्याला सुचलं. घरी दुसऱ्या दिवशीचं तिखलं जास्त वासाचं लागतं, कारण तिरफळं त्यातच असतात. त्याने रस्सा गाळला, पण प्रत्येक वाढणीत ठेचलेल्या तिरफळांची चार-पाच टरफलं परत टाकली. गरम करून बघितलं. वास जसाच्या तसा. साहेब तेव्हा कंपनीच्या माणसांबरोबर मीटिंगमध्ये होते, आणि त्यांनी बाहेर येऊन नुसता वासच घेतला. "वाट कसली बघता, जाऊ दे आजच्या फ्लाइटला," असं ते म्हणाले.

त्या दिवशी दादाने पापलेटाच्या तुकड्यांतला एकेक काटा चिमट्याने काढला होता. बोट फिरवून बघत होता, कुठे टोचतं का. फर्स्ट क्लासच्या पाहुण्याच्या घशात काटा जायला नको. इतकी काळजी त्याने घेतली, आणि तिरफळ कोणी चावेल हे त्याच्या मनात आलंच नाही. माझ्या आलं नसतं. आयेच्याही आलं नसतं. जे खायचंच नसतं, ते माणूस खाईल कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर गेला तो परत आला नाही. त्याच्या बरोबरचा अनंत धावत आमच्याकडे आला.

"मीरा, वाट लागली गं. दत्ताला पोलीस घेऊन गेले."

विमानात एका म्हाताऱ्या परदेशी माणसाने रस्सा चाटूनपुसून खाल्ला होता, टरफलांसकट, चावून. त्याची जीभ बधिर झाली, ओठ कळेनात, लाळ गळायला लागली. त्याला आधीच छातीचं दुखणं. बायकोने विष विष म्हणून आरडाओरड केली. मग पलीकडच्या दोघांनाही तसंच व्हायला लागलं. विमान वाटेतच कुठेतरी उतरवलं. त्या वर्षी विमानात बॉम्ब ठेवल्याच्या, विमानं पळवल्याच्या बातम्या रोज पेपरात होत्या. तिकडून तार आली, इकडे किचनला कुलूप लागलं, आणि चौकशीत पहिली गोष्ट बाहेर आली ती ही, की दत्ताराम हा संपातला गिरणी कामगार.

सबनीससाहेबांनी जबाब दिला, मी गाळायला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. त्याचाच मला अजून संताप येतो, की त्यांना खोटारडं म्हणायचीही सोय नाही.

आम्ही दोघी चौकीत गेलो. दादा बाकावर बसला होता, चप्पल काढून घेतलेली, डोळे सुजलेले. इन्स्पेक्टरच्या टेबलावर कागदाच्या पुडीत ती तिरफळं होती, आयेने निवडलेली. इन्स्पेक्टर दमलेला माणूस होता, ओरडत नव्हता.

"बाई, तुमचा मुलगा म्हणतो हा मसाला आहे. मी पुण्याचा. मी कधी बघितला नाही. माणसाची जीभ मरते असला कसला मसाला?"

"साहेबानू, ह्या इख न्हय," आये म्हणाली. "आमी जल्मापासून खातंव. माझ्या पोरांका ह्याच घालून वाढवलंय."

"खाता? नक्की?"

"खातंव."

आणि मला कळायच्या आत तिने पुडीतली मूठभर तिरफळं उचलून तोंडात टाकली आणि चावली.

माझ्या आयेने उभ्या जन्मात तिरफळ चावलं नव्हतं. थोडं चुरचुरेल, सोसू, एवढंच तिला वाटलं असणार. मुलगा सुटत असेल तर ती निखारेही चावली असती. ती चावत राहिली, इन्स्पेक्टरकडे बघत, मान हलवत, बघा, काही होत नाही. मग तिचं चावणं थांबलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ उतरली ती तिला कळली नाही, पदराने पुसायचंही सुचलं नाही. "काय होवक नाय" असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून नुसता आ, आ असा आवाज आला. तिला ठसका लागला, आणि ती टेबलाची कड धरून खाली बसली.

इन्स्पेक्टर ताडकन उठला. "पाणी आणा! गाडी काढा!"

"अहो, गाडी कशाला!" मी ओरडले. "उतरतं ते! थोड्या वेळात आपोआप उतरतं!"

"आणि उतरेपर्यंत माणूस गेला तर?" तो म्हणाला. त्याने आयेकडे बघितलं, मग हवालदाराकडे. "लिहून घ्या. समक्ष बघितलं म्हणून लिहा." आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "तुझ्या आईनेच दाखवलं गं मला."

आये सगळं ऐकत होती. कान शाबूत होते तिचे. ती हात हलवून नाही नाही करत होती, आणि बाकावरून दादा म्हणत होता, "आये, थूक. आये, थूक ना गं ते."

प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तेव्हा आला. मसाला आहे, विष नाही, असं त्यात होतं. तो म्हातारा तर त्याच दिवशी बरा होऊन इस्पितळातून चालत बाहेर पडला होता. दादाला सोडलं, पण तोवर त्या कंपनीने किचनचं काम काढून घेतलं होतं आणि टेंपररी माणसं सगळी घरी बसली होती. अनंतही बसला. तो रस्त्यात भेटला तर आता मान वळवतो. दिंडोशीच्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. दादाला कुठल्याच हॉटेलात कोणी उभं केलं नाही. पोलिसांनी नेलेला आचारी कोणाला हवाय? तो हल्ली चारकोपला एका कारखान्यात प्लास्टिकचे चमचे पाकिटात भरतो. आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसने जातो, त्याच बसने येतो. जेवणाबद्दल घरी एक शब्द बोलत नाही.

आयेला आम्ही दोघांनी हजारदा सांगितलं, तुझ्यामुळे काही झालं नाही, तू नसतीस गेलीस तरी नोकरी गेलीच असती. ती ऐकते. उरलेली तिरफळं तिने चाळीमागच्या नाल्यात टाकली, आणि त्यानंतर आमच्या घरात ती कधी आली नाहीत. बांगडे येतात, तिखलं होतं, पण त्याला वास नसतो.

मात्र एक नवीनच सुरू झालंय. आम्ही ताटावर बसलो, पहिला घास हातात घेतला, की आये म्हणते, "तिरफळां बाजूक काढा हां, पोरांनू. चावशात." आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी न म्हटलेलं वाक्य ती आता रोज म्हणते. पाहुण्यांना म्हणते. शेजारची पोरं जेवायला बसली तर त्यांनाही म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "आये, अगं घातलीयत कुठे तिरफळं?" तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पुन्हा कधी बोलले नाही.

काल साधी डाळ होती आणि भात. विमान उतरत होतं, पत्रे थरथरत होते, आणि तो आवाज संपायची वाट बघून आये म्हणाली, "दत्ता, तिरफळां बाजूक काढ हां."

"होय, आये," दादा म्हणाला.

आणि त्याने डाळीत बोट घातलं, काहीतरी शोधून काढावं तसं काढलं, आणि ताटाच्या कडेला ठेवलं. आये ते बघत होती. तिथे काही नव्हतं. मग ती जेवायला लागली.