काढून ठेवलेली तर्री

लाखनीच्या हायवेवर टायरचं दुकान चालवणारे गोपीचंदभाऊ खाण्याच्या बाबतीत जन्माचे लाडावलेले. मटणाच्या रश्श्यावर बोटभर तेलाची लाल तर्री तरंगत नसेल तर त्याला ते आजाऱ्याचं पाणी म्हणायचे. गेल्या दिवाळीत त्यांचं कोलेस्टेरॉल वाढल्याचं निघालं आणि त्यांच्या बायकोनं, कुंताबाईनं, घरात आणीबाणी लावली.

बाई काडीसारखी, पण दरारा फौजदाराचा. जेवण झालं की ती कोलेस्टेरॉलची गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवायची आणि हुकूम सोडायची, "आ करा." गोळी जिभेखाली दडवली नाही ना, हे पाहिल्याशिवाय ती ताट उचलत नसे. रविवारी मटण शिजलं की पळीनं सगळी तर्री वाटीत काढायची आणि उरलेला फिका रस्सा भाऊंच्या पुढे. भाऊ मुकाट जेवायचे, पण गावभर सांगायचे, "माह्या घरी जेलचं जेवन हाय."

उन्हाळ्यात पुन्हा रक्त तपासायची वेळ आली. भंडाऱ्याला राहणारी त्यांची मुलगी रिता दोघांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"माय, आलीच हायेस त तुहंबी रक्त दे," रिता म्हणाली.

"मले काय होते? अंगावर मांस तरी हाय का?" असं म्हणत कुंताबाईनं हात पुढे केला.

संध्याकाळी रिपोर्ट आले. भाऊंचं कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलं होतं. भाऊ फुलले. "मंग आता गोळी बंद ना, मॅडम?"

"गोळी चालू आहे म्हणून उतरलंय. मनानं बंद करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कुंताबाईकडे वळल्या. "तुमचं मात्र यांच्या आधीच्यापेक्षाही जास्त आहे."

भाऊंना हसू आवरेना. फौजदारच पकडला गेला होता! "मॅडम, हे त नुसती हाडं हाय. हिच्यात चरबी कोठून आली?"

"रक्तातली चरबी अंगावर दिसत नाही. घराण्यात असेल तर बारीक माणसालाही असते. माहेरी कुणाला हार्टचा त्रास?"

"डोमादादा होता," कुंताबाई सहज म्हणाली. "धानाच्या रोवण्याच्या दिवसात वावराच्या धुऱ्यावर जरासा बसला, थो उठलाच नाही. माह्यासारखाच बारीक होता."

भाऊंचं हसू तिथंच विरलं. मेव्हण्याला खांदा त्यांनीच दिला होता. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "कुंता, माह्या रश्श्यातली तर्री तू काढते. थे कोठी जाते?"

कुंताबाईनं पदर सारखा केला. "फेकू का? अन्न हाय थे. शेवटच्या भातासंगं खाऊन घेतो मी."

दोष एकट्या तर्रीचा नाही, मूळ माहेरच्या रक्तात आहे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तेल कमी करा, रोज चाला, आणि यांच्यासारखीच गोळी सुरू करा, म्हणाल्या.

पण ऐकेल ती कुंताबाई कसली! घरी येताच तिनं गोळ्यांचं पाकीट तिखटाच्या डब्यामागे ढकललं. "धडधाकट मानसानं गोळ्या कायले खायच्या?" भाऊंनी विनवलं, ओरडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. रात्री ती कुशीवर वळली तरी ते दचकून उठायचे.

रविवारी भाऊ स्वतः स्वयंपाकघरात शिरले आणि तेलाची कॅन तिच्या हातातून काढून घेतली. "आंधीच कमी टाकलं त काढाचं कामच नाही."

"चव नाही येत," ती पुटपुटली. "भरपूर तेलात मसाला भाजला म्हंजे फिक्या रश्श्यालेबी थोडी चव राहते. म्हनून टाकतो."

ज्याला भाऊ जेलचं जेवण म्हणत होते, त्यातही बाई त्यांची जीभ सांभाळत होती. आणि त्याचं तेल स्वतःच्या पोटात ढकलत होती.

त्या दिवशी त्यांनी दोन ताटं वाढली आणि तिला मागून बसू दिलं नाही. जेवण झालं. कुंताबाईनं सवयीनं त्यांच्या हातावर गोळी ठेवली. भाऊंनी मूठ मिटली.

"पयले तू घे."

"असे काहून करता? तुमची तब्येत हाय."

"माही तब्येत तुह्या 'आ करा'वर चालते," भाऊ म्हणाले. "उद्या तूबी डोमासारखी बसली अन् उठली नाही, त मले थे कोन म्हनन?"

कुंताबाईनं त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग उठली, डब्यामागून पाकीट काढलं आणि गोळी पाण्याबरोबर गिळली.

"आ कर," भाऊ म्हणाले.

"शरम करा जरासी," ती म्हणाली खरी, पण लहान पोरीसारखं तोंड उघडून बसली.

डोळे भरून आलेल्या भाऊंना काहीच दिसत नव्हतं. तरी त्यांनी नीट वाकून पाहिलं आणि सांगितलं, "हां, गेली."